काँक्रीटची गटार, शोषखड्डा की बळ्ळारी नाला: बेळगावात आधी काय मागायचं?

पावसाळ्याआधी वॉर्डात एकच काम मंजूर होणार असेल, तर बहुतेक गल्ल्यांतून मागणी येते ती मोठ्या काँक्रीट गटारीची. मागणी चुकीची नाही. काँक्रीटचा तळ गुळगुळीत असतो, त्यामुळे तेवढ्याच रुंदीच्या आणि उताराच्या झाडोरा माजलेल्या मातीच्या नाल्यापेक्षा ती दुप्पट-तिप्पट पाणी वाहून नेते. दारातलं पाणी लवकर ओसरतं.

पण ते जातं कुठे? शहराच्या दक्षिण आणि पूर्व भागातलं बरंचसं पाणी बळ्ळारी नाल्याला मिळतं आणि पुढे मार्कंडेय नदीला. मधे येळ्ळूर, अनगोळ, शहापूर, वडगावची शिवारं आहेत. नाला गाळाने आणि जलपर्णीने तुंबलेला असला की पाणी भातात शिरतं, चार-सहा दिवस हटत नाही आणि रोप कुजतं. मग दुबार लागवड. वरच्या गल्लीतली प्रत्येक नवी गटार हे पाणी खाली आणखी लवकर आणून सोडते.

10 हेक्टरच्या पक्क्या वस्तीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं 90 टक्के पाणी वाहून गेलं, तर ते 4,500 घनमीटर होतं, म्हणजे सेकंदाला सव्वा घनमीटर. तिथे शेत असतं तर साधारण तिसरा हिस्सा वाहिला असता. म्हणून शिवारात लेआउट पडला की खालच्या गल्लीला पहिल्याच पावसात फरक कळतो.

दुसरा पर्याय पाणी जिरवण्याचा: शोषखड्डे, विहिरीत सोडलेलं छपराचं पाणी. 1,000 चौरस फुटांच्या छपरावर 50 मिलिमीटर पावसात सुमारे 4,600 लिटर पाणी पडतं. जांभ्या दगडाच्या भागात ते चांगलं मुरतं, शहापूर-वडगावकडच्या काळ्या जमिनीत फारसं नाही. शिवाय संततधार लागून भूजल वर आलं की खड्डे भरलेलेच राहतात. उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी हे काम जरूर करावं, जुलैच्या पुराचा भार मात्र त्यावर टाकू नये.

तलावांचं गणित वेगळं. तलाव पाणी थोपवून हळूहळू सोडतो, पण त्यासाठी पावसाआधी पातळी खाली ठेवावी लागते. काठोकाठ भरून ठेवलेला तलाव शोभेला चांगला, पुराला निरुपयोगी. सांडपाणी मिसळत असेल तर आधी ते तोडावं लागेल.

माझ्या मते पहिला पैसा बळ्ळारी नाल्यावर जावा. अतिक्रमण हटवून पात्र मोकळं करणं, गाळ काढणं, रस्त्याखालच्या अरुंद मोऱ्या रुंद करणं, आणि हे सगळं खालच्या टोकाकडून वर येत. उलट क्रमाने केलं तर पाणी पुढच्या अरुंद जागी अडतं. हे काम कुणाच्या दारात दिसत नाही, म्हणून त्याला आवाज कमी. शेतकरी वर्षानुवर्षं तेच मागत आले आहेत आणि शहराने त्यांच्या बाजूने उभं राहायला हवं. नदीच फुगली तर नाल्याचं पाणीही मागे तुंबेल, तेवढी मर्यादा याही कामाला आहे.

उंचावरच्या गल्लीत पाणी तासाभरात ओसरत असेल, तर गटारीतला गाळ काढून छपराचं पाणी जिरवा. नाल्याकाठी राहत असाल तर नाल्यासाठीच भांडा. आणि गटारच मागायची असेल, तर अंदाजपत्रकात तीन गोष्टी बघा: पाणी शेवटी कुठे सोडणार, तिथली मोरी ते पेलेल का, आणि काढलेला गाळ काठावर न ठेवता उचलून नेण्याची तरतूद आहे का. काठावरचा गाळ पहिल्या वळिवात परत आत जातो.