बर्मिंगहॅमला एकच दिवस: कॅडबरीचं गाव की सोनारांची पेठ?

दर उन्हाळ्यात आमच्याकडे कुणी ना कुणी येतं. लंडन आणि स्कॉटलंड तिकडूनच ठरवून आलेले असतात, मग आमच्या कॉव्हेन्ट्रीत दोन रात्री, आणि त्यातला एक दिवस बर्मिंगहॅमला. तिथे बघायचं काय, हे मात्र माझ्यावर सोडलेलं. बोर्नव्हिल की ज्युएलरी क्वार्टर? शहराच्या मध्यातून दोन्हीकडे लोकलने दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं, त्यामुळे अंतराचा मुद्दा बाद.

बोर्नव्हिलचं नाव काढलं की पाहुणे खूश. आपल्याकडे चॉकलेट कुठलंही असो, ते कॅडबरीच. ठाण्यात तर त्या नावाचं जंक्शन आहे. बोर्नव्हिटा हे नावही या गावावरूनच आलं. कॅडबरी बंधूंनी 1879 साली शहरातला कोंदट कारखाना सोडून इथल्या शेतांत नवा उभारला. शेजारून बोर्न नावाचा ओढा वाहायचा, त्याला त्यांनी फ्रेंच शेपूट जोडलं, कारण तेव्हा भारी चॉकलेट म्हणजे फ्रेंच. पुढे जॉर्ज कॅडबरीने आजूबाजूची जमीन घेऊन वसाहत बांधायला घेतली आणि 1900 साली ती एका ट्रस्टच्या हवाली केली. तेव्हा 313 घरं होती. घराने प्लॉटचा पाव भागच व्यापायचा, उरलेल्यात बाग, बागेत फळझाडं. कॅडबरी घराणं क्वेकर, म्हणजे दारूपासून लांब राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं, त्यामुळे गावात पब नाही. माझ्या वडिलांनी स्टेशनबाहेर पडून पाच मिनिटांत निकाल दिला, "ही तर किर्लोस्करवाडी."

गाव देखणं आहे, यात वाद नाही. हिरवळीच्या मधोमध अष्टकोनी रेस्ट हाउस, समोर शाळेच्या मनोऱ्यात 48 घंटांचं कॅरिलॉन, म्हणजे घंटांवर सूर वाजवायचं वाद्य. जॉर्जने बेल्जियममधल्या ब्रूजला तसलं ऐकलं आणि 1906 साली इथे बसवून घेतलं. शनिवारी वाजवतात. जवळच सेली मॅनर हे जुनं लाकडी सांगाड्याचं घर. ते पाडणार होते, म्हणून जॉर्जने 1907 साली विकत घेतलं आणि मैलभरावरून सुटं करून इथे आणून पुन्हा जोडलं. हे आतून बघता येतं. तिकीट काढून जायचं ते चॉकलेटचं जग मी यात धरत नाही. बरोबर लहान मुलं असतील तर ते तुम्हाला चुकत नाही.

पण माझं घोडं अडलं ते पुढे. हे सगळं दीड तासात संपतं आणि मग उरतात ती घरं. लिंडन रोड, मेपल रोड, अकेशिया रोड, सगळे रस्ते झाडांच्या नावांचे, आणि प्रत्येक घरात माणसं राहताहेत. बघायचं तेच मुळी लोकांचं घर. आईबाबांना घेऊन गेलो होतो तेव्हा बाबा एका खिडकीच्या नक्षीचा फोटो काढत होते. कुंपण कापणाऱ्या एक आजी कात्री खाली ठेवून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "कुणाला शोधताय का?" काय सांगणार? शोधत कुणालाच नव्हतो. बाबांनी मोबाइल खिशात टाकला. आई पुढच्या वळणापर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "आपल्या चाळीत कुणी असं दारादारात फोटो काढत हिंडलं असतं, तर तुझ्या आजीने बादलीभर पाणी ओतलं असतं." त्या आजींची काहीच चूक नव्हती. पण त्यानंतर जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा खिडक्यांकडे बघायचं टाळत, रस्त्याकडे बघत चाललो. आर्किटेक्चरवाल्यांना कदाचित असा संकोच वाटत नसेल. मला वाटतो.

ज्युएलरी क्वार्टरमध्ये उलट आहे. तिथे खिडक्याच बोलावतात. बाहेरून साधी लाल विटांची घरं, पण आत पूर्वीपासून भट्ट्या आणि बाकं, आणि कित्येक ठिकाणी अजूनही काम चालतं. आपला सराफकट्टाच, फक्त थंड हवेतला.

व्हाइस स्ट्रीटवर स्मिथ अँड पेपर नावाचा सोन्याच्या बांगड्यांचा कारखाना होता. मालक म्हातारे झाले, घ्यायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून 1981 साली कुलूप लावून निघून गेले. हत्यारं, चहाचे कप, खुंटीवरचे डगले, सगळं जिथल्या तिथे. आता ते संग्रहालय आहे. बाकाला अर्धगोल खाच, आणि खाचेखाली पोटाशी येईल अशी चामड्याची झोळी टांगलेली. कानस मारताना पडलेला कीस तिच्यात जमतो. बाबांचं लहानपण सोनारआळीत गेलेलं. त्यांनी झोळी हाताने चाचपली आणि मला म्हणाले, "विचार, इथे झारेकरी येतात का?" झारेकऱ्याला इंग्रजी शब्द आणू कुठून? "फरशीवरच्या केरातून सोनं काढणारी माणसं" असं लांबण लावून सांगितलं, तर दाखवणारी बाई हसली. केरच काय, कामगारांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवून गाळत असत, म्हणाली. पुढचा अर्धा तास ती दोघं माझ्याविनाच बोलत होती, कुठल्या भाषेत ते देव जाणे.

तिथून फिरायला हवं तितकं आहे. 1773 साली मॅथ्यू बोल्टन या इथल्या कारखानदाराने खटपट करून शहराला स्वतःचं हॉलमार्किंग मिळवून दिलं, कारण तोवर चांदीच्या वस्तू छापासाठी पार चेस्टरला पाठवाव्या लागत. छाप पडला नांगराचा, समुद्राचा पत्ता नसलेल्या गावाला! लंडनच्या 'क्राउन अँड अँकर', म्हणजे 'मुकुट आणि नांगर', नावाच्या खाणावळीत कुठला छाप कुणाचा यावर शेफील्डशी नाणेफेक झाली, असं सांगतात. सेंट पॉल्स चौकातलं चर्च त्याच दशकातलं. व्हाइस स्ट्रीट आणि वॉरस्टोन लेनच्या नाक्यावर 1903 सालचं हिरवं घड्याळ आहे, इथला पुढारी जोसेफ चेंबरलेन याच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्याची आठवण म्हणून उभारलेलं. हा गृहस्थ इथे पाठ सोडत नाही. त्याची कबर की हिल दफनभूमीत, आणि त्याच्या शवपेटीच्या कड्याही फ्लीट स्ट्रीटवरच्या शवपेटी-सामानाच्या कारखान्यातल्या. ते आता संग्रहालय झालंय. पाहुण्यांना आधी कचरतं, पण बाहेर पडताना सगळ्यात जास्त गप्पा त्याच्याच. पेन म्युझियमही चुकवू नका. आपल्या आजोबांच्या टाकांत बसणाऱ्या निबांपैकी कितीतरी या गल्ल्यांतून गेलेल्या.

आता वाईट बाजू. रविवारी जाल तर अर्ध्या शटरांकडे बघून परत याल, आणि संग्रहालयांचे वार एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा आधी बघून निघा. सगळीकडे मोटारी लावलेल्या असतात, झाडं कमी. थकलेल्या माणसाला टेकायला बोर्नव्हिलची हिरवळ केव्हाही बरी. आणि बरोबरच्या मंडळींना अंगठ्या बघायचा नाद असेल तर खिशाचं तुमचं तुम्ही बघा. आमच्या मावशींना दुकानदाराने भिंग दिलं, आणि वीस मिनिटं त्या आतला इवलासा नांगर बघत बसल्या. अंगठी अर्थातच घेतली.

पुढच्या महिन्यात मेहुणी येतेय, बरोबर आठ वर्षांचा भाचा. तो आत्तापासून "काका, कॅडबरीच्या गावाला" म्हणून मागे लागलाय. नेईन, शनिवारी, घंटा ऐकवून. दुपारची गाडी मात्र सोनारांकडची धरायची, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.