रत्नागिरीतलं ॲडमिशन गायडन्स : नऊ हजार कशाचे घेतात आणि खरी मारामारी कुठे आहे

नाव मुद्दाम लिहीत नाही, रत्नागिरी एवढीशी, उद्या बाजारात समोरासमोर गाठ पडायची. शहरातल्या एका ॲडमिशन गायडन्सवाल्याकडे २०२५ ला भाचीच्या इंजिनीअरिंगच्या कॅप राऊंडसाठी (मेरिटप्रमाणे ऑनलाईन ॲडमिशनच्या सरकारी फेऱ्या) पॅकेज घेतलेलं. नऊ हजार रुपये, त्यात कॉलेजची लिस्ट, ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रँच पसंतीच्या क्रमाने भरायचा तो), डॉक्युमेंट चेकिंग आणि 'सीट मिळेपर्यंत सपोर्ट'. आता लांज्याकडचे ओळखीचे पालक विचारतायत घेऊ की नको, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

ऑफिस छान आहे. एसी, पाण्याची बाटली, भिंतीवर मागच्या वर्षीच्या पोरांचे फोटो आणि खाली पर्सेंटाईल. पहिला अर्धा तास मात्र निव्वळ घाबरवण्याचा कार्यक्रम. "ताई, कॉम्पिटिशन इतकी वाढलीय ना, पंच्याण्णव पर्सेंटाईलला पण चांगलं काही मिळत नाही." बहिणीचा चेहरा पडला, कारण भाचीला त्याहून कमीच होते. बारावीला पोरगी चांगल्या मार्कांनी पास, वाडीत पेढे वाटून झालेले, आणि इथे हा माणूस सांगतोय की त्या मार्कांना कोण विचारत नाय.

म्हणजे तो खोटं बोलत होता असं नाही. आपल्या कोकण बोर्डाचा बारावीचा निकाल २०२५ ला ९६.७४ टक्के, राज्यात पहिला, नेहमीसारखा. पण इंजिनीअरिंगची मेरिट लागते सीईटीवर, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवर, तिथे बारावी फक्त पात्रतेपुरती. सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे दोनशेपैकी शंभर मार्क एकट्या गणिताचे, निगेटिव्ह मार्किंग नाही, सगळा खेळ स्पीडचा. मुंबईची पोरं अकरावीपासून इंटिग्रेटेड क्लासला त्याचीच प्रॅक्टिस करतात, आणि आपली पोरं सकाळची एसटी पकडून कॉलेज, घरी येऊन बोर्डाची गाईड. आणि पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे त्या ऑफिसात कोणीच समजावलं नाही, ते मलाच घरी कागदावर मांडून दाखवावं लागलं. सीईटीच्या पीसीएम ग्रुपला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) राज्यात चार लाखांच्या वर पोरं बसली, त्यात पंच्याण्णव म्हणजे तुझ्या पुढे पाच टक्के, म्हणजे वीस हजारांवर पोरं उभी आहेत. ऐकायला पंच्याण्णव केवढे वाटतात!

आता गंमत अशी की इंजिनीअरिंगच्या सीटा काय कमी नाहीत. राज्यात दोन लाखांच्या आसपास आहेत, दरवर्षी हजारो रिकाम्या राहतात. मग मारामारी कसली? तर सगळ्यांना तीच आठ-दहा कॉलेजं पाहिजेत आणि त्यातही कॉम्प्युटर नाहीतर एआय. बरं, पोरांचं तरी काय चुकलं, मोठ्या कंपन्या कॅम्पसला येतात त्या ठराविक कॉलेजातच, सरकारी-अनुदानित ठिकाणी फी कमी, बाकीकडे लाखांत. टेक्निकल कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांना एका ब्रँचच्या सीटांवर असलेली मर्यादा काढली, कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या सीटा वाढवल्या, तरी वरच्या कॉलेजांपुढची गर्दी काय हटत नाही. मेडिकलचं दुखणं वेगळं, तिथे सीटाच नाहीत. २०२५ ला नीटला बावीस लाख पोरं बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या जवळपास निम्म्या सरकारी. सिंधुदुर्ग, रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेजं झाली हे चांगलंच झालं, पण तेवढ्याने काय होतंय.

कोकणवाल्यांची अजून एक गोची आहे. आपले दोन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठात. त्यामुळे ज्या कॉलेजात होम युनिव्हर्सिटीच्या (त्याच विद्यापीठाच्या भागातल्या पोरांसाठी ठेवलेल्या) सीटा असतात तिथे देवरुखची पोरगी आणि दादर-ठाण्याची पोरगी एकाच रांगेत. रायगडात लोणेऱ्याला टेक्निकल युनिव्हर्सिटी आहे, रत्नागिरीत आता सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज आहे, पण घरोघरी विषय मुंबई नाहीतर पुणे. जवळचं कॉलेज म्हणजे जणू नापास झाल्यासारखं, असं का ते मला आजतागायत कळलेलं नाही. हे सगळं त्या 'काऊन्सेलर' माणसाने सांगायला हवं होतं ना? नऊ हजार त्यासाठीच तर दिलेले. त्याऐवजी आम्हाला मिळालं "टेन्शन घेऊ नका, आम्ही आहोत".

आता लिस्टबद्दल, कारण खरी बोंब तिथेच. चाळीसेक ऑप्शनची प्रिंट दिली. एक नंबरला नवी मुंबईकडचं एक प्रायव्हेट कॉलेज, ज्याचं नाव आमच्यात कोणी ऐकलेलं नाही. भाचीने विचारलं, सर हे वर कशाला? म्हणे सेफ आहे, आधी एक पक्कं करू मग पुढच्या राऊंडला बघू. पोरीने तिथेच मोबाईलवर नियम काढून दाखवला. २०२५ ला चार राऊंड होते आणि पहिल्या राऊंडला पहिल्या नंबरचं ऑप्शन लागलं की ऑटो फ्रीझ, सीट घ्यायची नाहीतर पुढच्या राऊंडमधून बाहेर. दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनसाठी तसंच, तिसऱ्याला पहिल्या सहासाठी. म्हणजे 'सेफ' कॉलेज वर टाकलं असतं तर पहिल्याच राऊंडला खेळ खल्लास. सर म्हणाले, "हो हो, ते आपण ॲडजस्ट करू." कमिशन होतं की नुसतं अज्ञान, देवाला माहीत.

लिस्ट शेवटी पोरीने घरी बसून स्वतः लावली. बाहेर पाऊस, दोनदा लाईट गेली, रेंजसाठी पडवीच्या टोकाला खुर्ची. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साईटवर फुकट असतात, राऊंडवार, कॅटेगरीवार, ते घेतले आणि जे मनापासून हवं ते वर, मग उतरत्या क्रमाने. वर कठीण कॉलेज टाकल्याने खालची सीट जात नाही, आपल्या मेरिटला जे पहिलं बसेल ते मिळतं, एवढं कळलं की अर्धी भीती जाते. दुसऱ्या राऊंडला तिसऱ्या नंबरचं ऑप्शन लागलं, एक्स्टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), आणि तिला ते हवंच होतं.

आता एक चांगलं सांगायलाच हवं. डॉक्युमेंट बघणारी जी मॅडम होती ती एकदम तयार. नॉन क्रिमी लेयरचा दाखला (आरक्षणासाठी लागतो तो) बघितल्या बघितल्या म्हणाली, "दादा, ह्याची मुदत ३१ मार्चला संपलीय, २०२६ पर्यंतचं पाहिजे, आजच तहसीलला जा." आम्ही गेलो म्हणून वेळेत झालं, नाहीतर पोरगी ओपनमध्ये गेली असती आणि मग कटऑफच वेगळा. कास्ट व्हॅलिडिटीचं पण तिनेच नीट तपासलं. त्या बाईला पाच स्टार.

बाकी 'सीट मिळेपर्यंत सपोर्ट' म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात दिवसभर गुड मॉर्निंग आणि त्यांच्याच पुढच्या वर्षीच्या बॅचची जाहिरात. राऊंडच्या दिवशी फोन उचलत नाहीत. रिफंड विचारला तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात ना-परतावा.

एकूण दोन स्टार, दोन्ही त्या मॅडमचे. घरात नेट चालवणारं कोणीच नसेल आणि कागदपत्रांचा घोळ असेल तर फक्त चेकिंगचं वेगळं विचारा, हजारभरात करून देतात, बोर्डावर लिहिलेलं नसतं. ऑप्शन फॉर्मचा पासवर्ड मात्र त्यांच्याकडे देऊ नका, ओटीपी पण नाही, आणि कन्फर्म करायच्या आधी प्रिंटवरचे पहिले सहा नंबर पोराला मोठ्याने वाचायला लावा.