अकरा महिने, एकवीस सिगार : एच. उपमन मॅग्नम ४६

गेल्या फेब्रुवारीत धाकटा भाऊ परदेशातून येताना विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातून माझ्यासाठी एच. उपमन मॅग्नम ४६ या क्युबन सिगारची अख्खी पेटी घेऊन आला. पेटीत २५ सिगार, आणि प्रवाशाला करमुक्त आणता येतात त्याही २५च, त्यामुळे हिशेब नेमका बसला. आता जानेवारी संपत आलाय आणि पेटीत ४ उरल्यात. पहिल्या आठवड्यात ३ ओढल्या, तेव्हाच लिहायला बसलो असतो तर ‘बरी आहे, पण एवढं कौतुक कशाला’ असंच लिहिलं असतं. म्हणून मुद्दाम थांबलो.

आधी एक गोष्ट सांगतो. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात घोळवून सोडून द्यायचा असतो. तरी ती निरुपद्रवी नाही. तोंडाचा, घशाचा कर्करोग सिगारनेही होतो. मी सरासरी पंधरा दिवसांतून एक ओढतो आणि त्यापुढे जात नाही. ज्याला तंबाखूची सवयच नाही त्याने माझं वाचून सुरुवात करू नये, हे मनापासून सांगतोय.

मॅग्नम ४६ मधला ४६ म्हणजे जाडी. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे ही साधारण सव्वाअठरा मिलिमीटर जाड. लांबी १४३ मिलिमीटर. या मापाला क्युबात कोरोना गोर्दा म्हणतात. हल्ली बाजारात अंगठ्याएवढ्या जाड सिगारची चलती आहे, त्यांच्यापुढे ही सडपातळ वाटते. मला हे माप फार आवडतं. ओठांत नीट बसते, हाताला जड होत नाही, आणि वरच्या पानाची चव आतल्या मसाल्यात, म्हणजे आत भरलेल्या तंबाखूत, बुडून जात नाही. उपमन हे घराणं जुनं, १८४४ सालचं, हवानात स्थायिक झालेल्या एका जर्मन कुटुंबानं सुरू केलेलं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी याच नावाच्या लहान सिगार ओढायचे. फेब्रुवारी १९६२ मध्ये क्युबावरच्या व्यापारबंदीवर सही करण्याआधी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांना त्या गोळा करायला पाठवलं आणि सॅलिंजरनी १२०० आणून दिल्या, असं स्वतः सॅलिंजरनीच पुढे सांगितलं आहे.

आता माझ्या घाईबद्दल. पेटी घरी आली त्याच संध्याकाळी पहिली पेटवली. विमानाचा प्रवास, थंड केबिन, मग पुण्याची कोरडी फेब्रुवारी, यातून आलेली सिगार निदान महिनाभर तरी पडून राहू द्यायला हवी होती. पानातला ओलावा सगळीकडे सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. तिन्ही एका बाजूने भराभर जळल्या, धूर जिभेला चावला, आणि शेवटी शेवटी तर नुसता कडवटपणा उरला. तिसरी मी अर्ध्यावर ठेवून दिली.

त्यानंतर साठवणीकडे वळलो, आणि या अकरा महिन्यांतलं खरं शिक्षण तिथंच झालं. लाकडी ह्युमिडोर, म्हणजे सिगारचा ओलावा राखणारा डबा, दिसायला सुंदर असतो, पण आपल्या हवेत तो सांभाळणं कठीण. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा सुकी ठणठणीत, आणि जुलैत भिंतींना ओल येते. मी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला, पेटी आहे तशी त्यात ठेवली आणि सोबत ओलावा राखणारी पाकिटं टाकली, ६९ टक्क्यांची. आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक. त्यावर आकडा ६७, ६८ दिसायचा. मी निश्चिंत.

पावसाळ्यात सिगार फुगल्या. ओढायला घट्ट, दोनदा-तीनदा विझायच्या, आणि एकीचं वरचं पान पेटवलेल्या टोकाकडून तडकत वर आलं. आतला तंबाखू तापून फुगतो, वरचं पान तेवढं ताणलं जात नाही, मग ते फाटतं. जून ते ऑगस्टमध्ये ओढलेल्या तिन्ही अशाच गेल्या. तेव्हा मापकाची मिठाची चाचणी केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. एका झाकणात खायचं मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, आणि ते व मापक एका बंद डब्यात दिवसभर ठेवायचं. मिठाभोवतीच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. माझा मापक ६८ दाखवत होता. पूर्ण ७ अंकांचा फरक. म्हणजे डब्यात ६७ दिसत होतं तेव्हा प्रत्यक्षात ७४ होतं, माझ्या सिगार महिनोन् महिने ओलसर हवेत पडून होत्या. मापक बदलला, पाकिटं ६५ टक्क्यांची आणली, आणि गणपती झाल्यावर महिनाभर डब्याला हात लावला नाही.

उन्हाळ्यातली दुसरी भीती किड्याची. तंबाखूतला भुंगा अगदी बारीक असतो, पण पानात अंडी असली आणि घर तापलं की आतून भोकं पाडत बाहेर येतो, आणि मग एका सिगारवर थांबत नाही. पंचवीस अंशांच्या वर तापमान बराच काळ राहिलं की हा धोका वाढतो, आणि मे महिन्यात आमच्या घरात पंचवीस अंश म्हणजे गारवा. म्हणून मार्चच्या शेवटी पेटी दोन पिशव्यांत गुंडाळून ३ दिवस फ्रीझरमध्ये, मग १ दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. हळूहळू गरम होऊ दिली की पान तडकत नाही. बायकोने तिन्ही दिवस फ्रिजमधला लसूण आणि सुकट दुसरीकडे हलवून ठेवली, त्याबद्दल तिचे आभार. सिगार शेजारचा वास ओढून घेते.

ऑक्टोबरच्या मध्यावर जी सिगार काढली ती ओढताना मी दोनदा तिच्यावरची कागदी पट्टी फिरवून नाव वाचलं. सिगार तीच, पेटी तीच.

पेटवण्याआधी नुसती हवा ओढून पाहिली तर देवदाराच्या लाकडाचा आणि वाळलेल्या गवताचा वास. टोपीचं, म्हणजे ओठांकडच्या बंद बाजूचं, टोक दोन-तीन मिलिमीटरच कापतो. जास्त कापलं तर टोपी सुटून पान उलगडायला लागतं. पेटवताना ज्योत टेकवत नाही, खालून ऊब देत फिरवतो, कडा सगळीकडून सारखी लालसर झाली की मगच पहिला झुरका. पहिली वीस मिनिटं भाजलेल्या शेंगदाण्याची टरफलं चोळल्यावर येतो तसा वास, त्यात सायीचा मऊपणा. ओठांवर हलकं मीठ. मग मधला भाग, आणि हाच भाग मला या सिगारचा प्राण वाटतो. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत आला, अजून गूळ झालेला नाही, त्या वेळी वाफेत जो खमंग गोडवा असतो, तो इथं धुरात येतो. गोड चव नव्हे, गोडव्याची चाहूल. सोबत कोऱ्या कॉफीचा कडूपणा, अगदी पातळ. शेवटच्या भागात चामडं, थोडी मिरी, आणि धूर जाड होतो, पण घशाला ओरबाडत नाही. राख करडी, दोन-अडीच सेंटिमीटर आरामात टिकते. पाऊण तास ते सव्वा तास, ओढणाऱ्याच्या धीरावर.

या सिगारची ताकद ‘मध्यम’ सांगतात. त्या शब्दाबद्दल इथं बोलायला हवं, कारण दुकानात तो ऐकला की लोकांना वाटतं, ही नवशिक्यांची. ताकद आणि चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्युबन सिगारच्या आतल्या मसाल्यात झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं असतात. खालची वोलादो, जी नीट जळतात. मधली सेको, ज्यांच्यात सुगंध. आणि शेंड्याकडची लिगेरो, ज्यांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं, जी जाड, तेलकट आणि तिखट असतात, हळू जळतात. डोकं गरगरवणारी ताकद मुख्यतः लिगेरोची. मध्यम सिगारमध्ये तिचं प्रमाण आवरलेलं असतं, म्हणून सेकोचं बोलणं ऐकू येतं. मी आधी तीन-चार वर्षं जोरकस निकाराग्वन सिगार ओढत होतो, त्या आजही आवडतात. पण त्यांच्यात पहिल्या दहा मिनिटांत जे कळलं तेच पुढे तासभर. मॅग्नममध्ये पुढच्या वीस मिनिटांत काय येईल याची वाट पाहावी लागते, आणि ते येतं. ज्यांना चपराक हवी त्यांना ही फिकी वाटेल, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

दिवाळीत निपाणीला आजोळी गेलो होतो. थोरले मामा तिथल्या तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं होते, आता सत्तरी ओलांडलीय. त्यांना एक दिली. त्यांनी आधी ती कानाशी धरून दोन बोटांनी हलकेच दाबली, मग उघड्या टोकाचा वास घेतला, बराच वेळ. म्हणाले, “ह्ये पान उनात वाळवल्यालं न्हाई बघ.” बरोबर होतं. आपल्याकडचा बिडीचा तंबाखू उन्हात पसरून वाळवतात. क्युबात, पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागात, पानं काठ्यांना बांधून अंधाऱ्या, हवेशीर कोठारात आठवडेच्या आठवडे टांगतात, मग ढीग लावून मुरवतात. ढीग आतून तापतो, अमोनिया निघून जातो, तिखटपणा उतरतो. वरच्या आवरणाच्या पानांसाठी तर अख्ख्या शेतावर पातळ कापड ताणतात, म्हणजे ऊन गाळून येतं आणि पान तलम होतं. मामांना मी हे सांगत गेलो आणि ते धुराकडे बघत ऐकत होते. अर्धी झाल्यावर म्हणाले, “लेका, हे मुरवल्यालं हाय. आमच्याकडं एवढं कोण थांबणार? बोद भरला की गाडी उभीच.” मग शेवटपर्यंत बोलले नाहीत. विझू दिली, चिरडली नाही. सिगार अशीच विझू द्यायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

व्यवहाराचं थोडं. रिकाम्या पोटी ओढू नका, मध्यम असली तरी गरगरतं. तसं झालंच तर गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्यायचं, पाच मिनिटांत बरं वाटतं. सोबत बिनसाखरेची कोरी कॉफी उत्तम. दुधाच्या चहाने जिभेवर थर बसतो आणि कोकम सरबताने तर सगळी चव आंबट होते, दोन्ही करून पाहिलं. मिनिटाला एकच झुरका. त्याहून भराभर ओढलं की टोक तापतं आणि तो फेब्रुवारीतला कडवटपणा परत येतो. लायटर गॅसचा हवा, पेट्रोलचा वास शेवटपर्यंत सुटत नाही. पेटी घेताना खालची बाजू उलटी करून पाहा, तिथं कारखान्याची खूण आणि पेटीबंद केल्याचा महिना-वर्ष ठसा मारलेला असतो. माझी घेतली तेव्हा सव्वा वर्षाची होती. रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्यावर, ‘कारखान्यातल्या ओळखीच्याकडून’ मिळणाऱ्या स्वस्त क्युबन सिगार घेऊ नका, त्या जवळजवळ नेहमी बनावट असतात.

किमतीबद्दल म्हणाल तर एका सिगारच्या पैशात दोघांचं चांगल्या हॉटेलात जेवण होतं. महिन्याला दोन, यापुढे ते माझ्या खिशाला झेपणार नाही, आणि प्रकृतीसाठीही तेच बरं. पुन्हा घेईन का? घेईन, पण पेटी आल्यावर पहिले तीन महिने डबा उघडणार नाही.

उरलेल्या चारांपैकी दोन पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवायच्या ठरवल्यात. मामांचा परवा फोन होता. तब्येतीची चौकशी झाली, पाहुण्यांची झाली, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, “त्या पेटीत अजून हाईत का रं?”