कलोसियम की पॉम्पेई? इटलीत एकच अँफिथिएटर पाहायचं असेल तर

इटलीच्या सहलीत अँफिथिएटरसाठी, म्हणजे भोवती चढत्या बैठका असलेल्या प्राचीन रोमन खेळांच्या आखाड्यासाठी, एकच दिवस काढता येत असेल, तर बहुतेक जण सरळ रोमचं कलोसियम ठरवून टाकतात. माझा कौल नेपल्सजवळच्या पॉम्पेई या प्राचीन रोमन गावाला आहे.

कलोसियमचं वैभव मी नाकारत नाही. लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६, तळाला ८० कमानी. रोमन सम्राट व्हेस्पासियनने काम सुरू केलं आणि त्याचा मुलगा टायटसने इ.स. ८० मध्ये ते खुलं केलं. उत्तरेकडच्या काही कमानींवर कोरलेले प्रवेशक्रमांक आजही वाचता येतात. आखाड्याची लाकडी जमीन नाहीशी झाल्यामुळे खालचे बोळ उघडे पडलेत. जनावरांचे पिंजरे तिथूनच दोरखंडांनी वर ओढले जात. पण त्या बोळांत उतरायला साधं तिकीट चालत नाही, वेगळं काढावं लागतं आणि ते लवकर संपतं.

पॉम्पेईचं अँफिथिएटर याहून दीडशे वर्षांनी जुनं, इ.स.पू. ७० च्या सुमाराचं. टिकून राहिलेल्या दगडी अँफिथिएटरांत सर्वात जुनं हेच. इथे तळघर नाही, कमानींचे मजले नाहीत. वरच्या रांगांकडे जाणारे जिने चक्क बाहेरच्या भिंतीला लावलेले आहेत. सुमारे २०,००० माणसं मावत, गावच्या वस्तीपेक्षाही जास्त. शेजारच्या गावांतूनही लोक येत. इ.स. ५९ मध्ये शेजारच्या न्युकेरिया गावाहून आलेल्या प्रेक्षकांशी पॉम्पेईकरांची अशी दंगल पेटली की रोमच्या सिनेटने इथल्या खेळांवर १० वर्षांची बंदी घातली. त्या मारामारीचं एका घरातलं भित्तिचित्र आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आधी ते पाहून घ्या. चित्रात दिसणारे जिने दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष समोर उभे राहतात, तेव्हा अंगावर काटा येतो. आणि हे गाव व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं इ.स. ७९ मध्ये, कलोसियम खुलं होण्याच्या आदल्याच वर्षी.

मात्र रोमहून पॉम्पेईला जायचं म्हणजे नेपल्सपर्यंत वेगवान गाडी, पुढे लोकल, आणि पूर्ण दिवस मोडतो. अँफिथिएटर गावाच्या पूर्व टोकाला आहे, वाटेत सावली जवळजवळ नाही. त्यामुळे पियाझ्झा अँफितेआत्रोच्या दारानेच आत शिरा. सोबत थकलेले आईवडील असतील किंवा हातात अर्धाच दिवस असेल, तर मात्र निःशंकपणे कलोसियम.

नेपल्सला मुक्काम असेल तर जवळचं पोझ्झुओली गावही सोडू नका. तिथल्या अँफिथिएटरचं तळघर फार चांगलं टिकलं आहे. फक्त तिथली जमीन ज्वालामुखीमुळे वरखाली होत असते, तेव्हा निघण्यापूर्वी ते उघडं आहे ना, याची खात्री करून घ्या.