चाळीस रुपयांची आईस्क्रीम वेल : अकरा वर्षांनंतरचा अभिप्राय

बेळगावातल्या वडगाव भागात, येळ्ळूरच्या बाजूला, शिवाराला लागून आमचे घर आहे. २०१४ च्या जूनमध्ये एका नर्सरीतून मी आईस्क्रीम वेलीची दोन रोपे आणली. एका रोपाला चाळीस रुपये पडले. एक फाटकावरच्या कमानीशी लावले आणि दुसरे परड्यातल्या तारेच्या कुंपणाशी. कुंपणाच्या पलीकडे शेजाऱ्यांच्या भातशेताचा बांध आहे आणि बांधापासून हाकेच्या अंतरावर बळ्ळारी नाला वाहतो. पाऊस सुरू झाला की ही वेल विकत नेणारी माणसे आजही दिसतात, म्हणून अकरा वर्षांचा अनुभव सविस्तर लिहून ठेवतो आहे.

विक्रेत्याने तीन गोष्टी सांगितल्या होत्या : वेल झपाट्याने चढते, पाणी फारसे मागत नाही आणि वर्षातले बरेच महिने फुलते. तिन्ही खऱ्या निघाल्या. पहिल्या पावसाळ्यात कमान भरली आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी गुलाबी फुलांचे झुबके फाटकावर लोंबू लागले. पाने हृदयाच्या आकाराची, किंचित चुरगळल्यासारखी असतात, आणि प्रत्येक फुलोऱ्याच्या टोकाला तणावे फुटतात. ज्या टोकाला फूल, त्याच टोकाने वेल पुढचा आधार धरते. मला या वेलीतले सर्वांत मोलाचे वाटले ते तिच्यावरचे मधमाश्यांचे येणे. भात कापून शिवार रिकामे झाले की सातेरी आणि फुलोरी माश्या कमानीवर गर्दी करतात, बारीक, डंख नसलेल्या कोती माश्याही येतात, आणि सकाळी आठच्या सुमारास फाटकाखाली उभे राहिले तर त्यांचा गुणगुणाट स्पष्ट ऐकू येतो. माझ्या आईने शेवटची दोन वर्षे रोज सकाळी त्या कमानीखाली खुर्ची टाकून घालवली. त्यामुळे या वेलीबद्दल मी कठोर लिहितो आहे ते प्रेम नसल्यामुळे नव्हे.

विक्रेत्याने न सांगितलेल्या गोष्टी दोन होत्या, आणि रोप घेताना त्याच विचारायला हव्या होत्या. ही वेल मूळची मेक्सिकोची, शास्त्रीय नाव अँटिगोनॉन लेप्टोपस, आपल्या चुक्याच्या भाजीच्या कुळातली. ती जमिनीखाली कंद धरते, आणि वरचा सगळा वेल कापून टाकला तरी कंदातून पुन्हा फुटते. दुसरे म्हणजे तिचे तीन धारांचे बी कागदासारख्या सुकलेल्या पाकळ्यांत गुंडाळलेले असते आणि ते पाण्यावर तरंगते. कॅरिबियन समुद्रातल्या सिंट युस्टेशियस या छोट्या बेटावर बागेसाठी आणलेल्या याच वेलीने माळ आणि झाडोरा झाकून टाकला आहे. नाल्याच्या काठावर राहणाऱ्या माणसाने तरंगणारे बी असलेली वेल लावू नये, एवढे एक वाक्य मला २०१४ मध्ये कोणी सांगितले असते तर पुढचे बरेच काही टळले असते.

ऑगस्ट २०१९ चा पाऊस बेळगावकर विसरलेले नाहीत. बळ्ळारी नाला पात्राबाहेर आला, शिवार पाण्याखाली गेले आणि आमच्या परड्यातही पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर कुंपणाच्या तारांना अडकलेल्या कचऱ्यात वेलीचे सुकलेले झुबके दिसत होते, पण त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. पुढच्या वर्षी जुलैमध्ये शेजारच्या मामांनी मला बांधावर बोलावले. बांधाच्या उतारावर वीतभर उंचीची, हृदयाच्या आकाराच्या पानांची रोपे ओळीने उगवली होती, जिथे पाण्याची पातळी थांबली होती नेमकी त्या रेषेवर. मामा रागावले नाहीत. ‘सर, हे तुमच्या दारातलंच न्हवं?’ एवढेच त्यांनी विचारले. दोन वर्षांत ती रोपे बांधावरच्या करंजावर चढली, आणि कापणीच्या वेळी वेलीच्या दोऱ्या भाताच्या कडेच्या ओळींत गुंतून विळ्याला अडथळा करू लागल्या. मामा बासमती करतात, आणि कडेच्या दोन ओळी सोडून द्याव्या लागल्या तर ते नुकसान माझ्या हौसेचे असते, हे मला तेव्हा नीट कळले.

वेल आवरण्यासाठी मी तीन मार्ग पाहिले. २०२१ मध्ये यंत्राने गवत कापून देणाऱ्या एकाला बोलावले. त्याने पंधराशे रुपये घेतले, अर्ध्या दिवसात बांध आणि कुंपण स्वच्छ केले, आणि काम दिसायला अतिशय नेटके झाले. सहा आठवड्यांत प्रत्येक कापलेल्या बुंध्यातून तीन-चार नवे कोंब आले आणि वेल पहिल्यापेक्षा दाट झाली. यंत्राने कापलेले वेलीचे तुकडे चारी बाजूंना उडाले होते, तेही गोळा केले गेले नाहीत. या वेलीसाठी केवळ कापणीची सेवा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग तणनाशकाचा. एका दुकानात ग्लायफोसेटची बाटली सहज पुढे करण्यात आली. मात्र ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकांपुरता मर्यादित केलेला आहे, आणि आमची विहीर कुंपणापासून पंधरा फुटांवर आहे. पलीकडे भात उभे असताना फवारणी करणे मला पटले नाही.

तिसरा मार्ग खणण्याचा, आणि तोच टिकला. २०२३ च्या जूनमध्ये दोन वळीव होऊन माती मऊ झाल्यावर येळ्ळूरकडच्या दोन बायका आणि एक गडी दोन दिवस कामाला आले. बायकांना साडेतीनशे आणि गड्याला सहाशे रुपये रोज दिला. त्यातल्या वडीलधाऱ्या आक्कांनी काम सुरू करण्याआधीच सांगितले, ‘वरनं कापून काय हुतंय सर, बटाटे खाली हाईत की.’ त्यांनी वेल ओढली नाही. बुंध्याभोवती हातभर लांबून पहारीने माती सैल केली, मग खुरप्याने कडेकडेने उकरत कंदाच्या खालपर्यंत गेल्या, आणि कंद दोन्ही हातांनी मुलासारखा उचलून बाहेर काढला. बाहेरून तपकिरी, रताळ्यासारखा, मातीने माखलेला. कुंपणाशी लावलेल्या मूळ रोपाचा कंद सोललेल्या नारळाएवढा होता. गड्याने घाईने एक कंद पहारीने फोडला तेव्हा आक्कांनी त्याला थांबवले आणि त्याचे तुकडे मातीतून एकेक वेचून बुट्टीत टाकले. दोन दिवसांत तीन बुट्ट्या भरल्या. अशा कामात मजुरीवर वाचवलेला पैसा पुढच्या वर्षी दुप्पट द्यावा लागतो; जाणत्या हाताला जो रोज असेल तो द्यावा.

काढलेले कंद उकिरड्यावर टाकू नयेत, नाल्यात तर मुळीच नकोत. आम्ही ते पत्र्याच्या शेडमध्ये पाऊसभर कोरडे ठेवले, मग गच्चीवर उन्हात वाळवले आणि पुढच्या उन्हाळ्यात न्हाणीच्या चुलीत जाळले. त्यातला एक कंद शेडच्या ओल्या कोपऱ्यात राहिला होता. गणपतीच्या सुमारास त्याला बोटभर कोंब आलेला आढळला.

आता प्रश्न फाटकावरच्या वेलीचा. घरात यावर दोन मते होती. मी ती ठेवली आहे, आणि त्यामागचा विचार असा : तिच्या तिन्ही बाजूंना सिमेंटचे अंगण आहे, फाटक रस्त्याच्या चढावर असल्याने २०१९ मध्येही तिथे पाणी आले नव्हते, आणि हिवाळ्यात मधमाश्यांना ती उपयोगी पडते. तरीही दर पंधरा दिवसांनी गुलाबी रंग उडून तपकिरी होऊ लागलेले झुबके कात्रीने कापून पिशवीत घेतो. हे काम एक हंगाम जरी चुकले तरी ठेवण्याचा निर्णय चुकीचा ठरेल, आणि माझे हात चालेनासे झाले की कमानीखालचा कंदही काढायचा, हे मुलाला सांगून ठेवले आहे. गाजर गवतावर १९८४ मध्ये बंगळूरला ते गवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे सोडले गेले आणि ते आपोआप पसरले. या वेलीसाठी आपल्याकडे असा कोणताही भुंगेरा सोडलेला नाही, तेव्हा माणसाच्या खुरप्याखेरीज तिला आवर नाही.

ज्यांना रोप घ्यायचे आहे त्यांना माझा सल्ला असा की शेत, ओढा, नाला किंवा मोकळी जागा लगत असेल तर ही वेल घेऊ नये. कमानीसाठी जाई आहे. ती हळू चढते, पण शेजाऱ्याच्या बांधावर जात नाही. परड्यात थोडी सावली असेल तर जांबोटीकडच्या रानात चैत्रात फुलणारी कुसर लावावी, तिची पांढरी फुले आणि वास दोन्ही आपल्या मातीतले आहेत. परड्यातल्या कुंपणाशी मी तीच लावली असून तिला अजून फूल आलेले नाही. नर्सरी चालवणाऱ्यांनाही विनंती आहे की आईस्क्रीम वेलीच्या पिशवीवर किमतीशेजारी ‘कंद धरते, बी पाण्यावर तरंगते’ असे दोन शब्द लिहावेत. ज्याला घ्यायची आहे तो तरीही घेईल, पण जागा पाहून लावेल.

खणल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बांधावर एकोणीस कोंब आले, दुसऱ्या पावसाळ्यात सात. यंदा जूनमध्ये मामा आणि मी मिळून बांध चाललो तेव्हा तीन सापडले, त्यातला एक करंजाच्या मुळीत, जिथे पहार घालता येत नाही. तो दर आठवड्याला नखाने खुडतो आहे.