डी२०पासून 'सेव्ह'पर्यंत: डी अँड डीचा स्टार्टर सेट आठ महिने वापरल्यावर

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र रंगवत खेळायचा साहसकथेचा खेळ. त्याची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली, तेव्हाचा हा स्टार्टर सेट. खोक्यात ३२ पानांची नियमपुस्तिका, ६४ पानांची साहसाची पुस्तिका, पाच तयार पात्रांचे तक्ते आणि सहा फासे: डी४, डी६, डी८, डी१०, डी१२ आणि डी२० (आकडा म्हणजे फाशाच्या बाजू). खेळ शिकायला हा संच चांगलाच आहे. नवख्यांची गाडी अडते ती शब्दांवर, आणि ते शब्द पुस्तिका वाचून पाठ होत नाहीत. फासा हातात असताना, योग्य क्रमाने समोर आले की मात्र पक्के बसतात.

सुरुवात फाशांच्या लिखाणापासून करा. २डी६+३ म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे टाका, बेरीज करा, त्यात ३ मिळवा. हे ३ एकदाच मिळवायचे, दर फाशामागे नाही. डी१०वरचं शून्य म्हणजे १०. डी१०० लागला तर खोक्यातला एकच डी१० दोनदा टाका: आधी दशक, मग एकक. दोन्ही शून्य आले तर १००.

मग स्कोअर आणि मॉडिफायर. स्कोअर म्हणजे ताकद, चपळाई अशा गुणाचा आकडा, आणि मॉडिफायर म्हणजे त्यातून निघणारी, फाशाच्या आकड्यात मिळवायची भर. तक्त्यावर हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी असतात आणि पहिल्या डावात निम्मे जण चुकीचाच आकडा मिळवतात. स्कोअरमधून १० वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक खालच्या बाजूला सोडा. १६चे +३, १५चे +२, ८चे −१. रोलमध्ये, म्हणजे फासा टाकल्यावरच्या बेरजेत, जातो तो मॉडिफायर. मोठा स्कोअर जवळपास नुसता शोभेला.

आता एक वार सावकाश बघा. फायटरची (लढवय्या पात्राची) स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकद, १६, म्हणून +३. पहिल्या लेव्हलचा प्रोफिशियन्सी बोनस (सरावाची भर) +२. एकूण +५. समोरच्या गॉब्लिनचा (खुज्या राक्षसाचा) एसी, म्हणजे वार बसायला गाठायचा आकडा, १५ आणि एचपी, म्हणजे उरलेला जीव, ७. डी२०वर १० पडले, बेरीज १५, वार बसला, कारण बरोबरी झाली तरी वार बसतो. आता डॅमेज, म्हणजे किती इजा झाली ते: मोठ्या कुऱ्हाडीचा १डी१२+३. इथे प्रोफिशियन्सी मिळवत नाहीत, आणि ही चूक सर्रास होते. डी१२वर ४ पडले तरी गॉब्लिन गारद. नॅचरल २०, म्हणजे डी२०वरच २०, पडले तर फासे दुप्पट, २डी१२+३. वरचे ३ दुप्पट होत नाहीत. आणि वार बसल्यावर घटतात ते एचपी, एसी आहे तिथेच राहतो. एवढा एक वार नीट समजला की तक्त्यावरची अर्धी परिभाषा आपोआप उलगडते.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो 'सेव्ह'. आपल्या कानाला त्यात फाइल सेव्ह केल्यासारखं वाटतं. साधी खूण अशी: अटॅकमध्ये मारणारा रोल करतो, सेव्हमध्ये ज्याच्यावर संकट आलंय तो. फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा स्पेल, म्हणजे मंत्र) पडला की टाकणाऱ्याने डॅमेजचे ८डी६ टाकायचे, सरासरी २८. स्फोटात सापडलेल्या प्रत्येकाने डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह करायचा, जमला तर निम्मं डॅमेज. टेबलावर 'निभावलं का?' असं विचारायला लागलात की गोंधळ जातो.

'लेव्हल' हा शब्द तर सरळसरळ दगा देतो. विझार्ड (जादूगार पात्र) पाचव्या लेव्हलला पोचतो तेव्हा त्याला तिसऱ्या लेव्हलचे स्पेल मिळतात. पात्राची ती लेव्हल आणि स्पेलची ती 'पायरी', असं घरच्या घरी ठरवून टाका. राउंड आणि टर्नचंही तसंच. मराठीत फेरी आणि पाळी हा फरक आपल्याकडे आधीच आहे, तोच वापरा. सहा सेकंदांची एक फेरी, त्यात प्रत्येकाची एक पाळी. बोनस ॲक्शन म्हणजे सगळ्यांना मिळणारं जादा काम नव्हे. पात्राच्या एखाद्या क्षमतेत किंवा स्पेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच ती असते. हिट डाइसचा मारण्याशी संबंध नाही. एक तासाच्या शॉर्ट रेस्टमध्ये एचपी भरून काढायचे ते फासे.

ॲडव्हांटेज म्हणजे दोन डी२० टाकून मोठा आकडा घेणं. तीन कारणांनी मिळालं तरी फासे दोनच, आणि एक डिसॲडव्हांटेज (दोनांतला लहान आकडा घेणं) आलं की हिशेब शून्य. कॉन्सन्ट्रेशन (सतत लक्ष) लागणारा स्पेल एका वेळी एकच चालतो, दुसरा सुरू केला की पहिला संपला. मार बसला तर तो टिकवायला कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह, डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा डॅमेजच्या निम्मा, यांत जो मोठा तो. २४चा फटका असेल तर डीसी १२.

टेबलावरची बोली मात्र दोन डावांत अंगवळणी पडते. एनपीसी म्हणजे डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) चालवतो ती पात्रं. होमब्रू म्हणजे घरी रचलेले नियम. रेलरोडिंग म्हणजे खेळाडूंना एकाच वाटेने रेटणं. टीपीके म्हणजे अख्खी टोळी कामी येणं, आणि या शब्दाची गाठ याच संचात लवकर पडू शकते. पहिल्याच चकमकीत चार गॉब्लिन दबा धरून असतात. त्यांचा एक बाण १डी६+२, आणि पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे एचपी जेमतेम सात-आठ. डीएम नवखा असेल तर त्याने पहिल्या फेरीत दोनच गॉब्लिन पुढे काढावेत.

खरी उणीव एकच, पात्र स्वतः कसं बनवायचं हे पुस्तिकेत नाही. त्यासाठी याच आवृत्तीचे मोफत बेसिक रूल्स जोडीला घ्या. २०२४चं सुधारित पुस्तक शेजारी ठेवून शिकू नका, शब्द बदललेत. तिथे 'रेस'चं (पात्राच्या वंशाचं) 'स्पीशीज' झालंय. जुन्या नियमात अचानक गाठलेल्याची पहिली पाळी वाया जाते, नव्यात फक्त इनिशिएटिव्हच्या (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या) रोलला डिसॲडव्हांटेज लागतं. एकाच टेबलावर दोन्ही पुस्तकं असली की वाद इथूनच पेटतो.

वेगळा खर्च करायचाच असेल तर आणखी एक डी२० घ्या, म्हणजे ॲडव्हांटेजला एकच फासा दोनदा टाकावा लागत नाही.