नॉरफोक ॲडमिरल्सची हॉकी मॅच, स्कोप अरीना – घरच्यांना घेऊन एकदा जाच

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोक, व्हर्जिनिया बीच साइडच्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. थंडीत बीच बंदच असतो आपल्यासाठी, मग वीकेंडला पोरांना कुठे न्यायचं हा प्रश्न असतोच, तर डाउनटाउनला स्कोपमध्ये ॲडमिरल्सची आइस हॉकी मॅच बघा, पैसे वसूल.

ही एनएचएल, म्हणजे हॉकीची सगळ्यात वरची लीग, नाही हां. ही ईसीएचएल, म्हणजे वर एनएचएल, खाली एएचएल आणि त्याखाली ही तिसऱ्या पायरीची लीग. वरून बोलावणं येईल या आशेवर पोरं जीव तोडून खेळतात आणि ते दिसतं. आम्ही काचेला लागून बसलो होतो, दोघं येऊन आदळले की अख्खी काच थरथरते आणि ब्लेडने खरवडलेला बर्फ उडून समोर काचेवर चिकटतो. हे टीव्हीवर मिळतच नाही, टीव्हीवर तर पक (बॉलऐवजी असते ती रबराची चकती) शोधण्यातच निम्मा वेळ जातो. मारामारी होते, ग्लोव्हज फेकून दोघं भिडतात, मग पाच पाच मिनिटं शिक्षा म्हणून बाहेर, पेनल्टी बॉक्समध्ये. लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

मला सगळ्यात जास्त कौतुक ब्लेक कलन यांचं आहे, ज्यांच्यामुळे हे इथे सुरू झालं. माणूस बेसबॉलमधला, आधी शिकागो कब्स टीमकडे, मग बेसबॉलच्याच नॅशनल लीगच्या ऑफिसात, आणि ते सोडून 1989 मध्ये इथे हॉकी टीम काढली! ईसीएचएलला तेव्हा जेमतेम एक वर्ष झालेलं, 1988 ला पाच टीम घेऊन चालू झाली होती. आणि याच स्कोपमधून एएचएलची टीम 1975 ला गाशा गुंडाळून गेलेली, म्हणजे इथे हॉकी चालत नाही म्हणायला लोकांकडे कारण होतं. पण कलन यांनी गाव बरोबर ओळखलं, जगातला सगळ्यात मोठा नेव्ही बेस इथे, तर टीमचं नावच ॲडमिरल्स. कोच आणले जॉन ब्रोफी, एनएचएलच्या टोरांटो मेपल लीफ्सला कोचिंग केलेले, आणि 1991, 1992 लागोपाठ दोन वर्षं रायली कप, म्हणजे ईसीएचएलचं विजेतेपद, जिंकला. ओलाफ कोल्झिग सुरुवातीला इथेच गोली (गोलकीपर) होता, ज्याला 2000 मध्ये एनएचएलची बेस्ट गोलीसाठीची वेझिना ट्रॉफी मिळाली.

पुढे कलन यांनी टीम विकली, 2000 ला तिच्या जागी एएचएलची टीम आली, तिने 2012 ला सलग 28 मॅच जिंकल्या आणि कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, घेतला, 2015 ला ती पण सॅन दिएगोला गेली आणि बेकर्सफील्डची ईसीएचएल टीम इकडे आली. एवढं सगळं बदललं तरी ॲडमिरल्स हे नाव कोणी बदललं नाही, यातच त्या माणसाचं काम कळतं.

बिल्डिंगसाठी पण जा. 1971 ची, डिझाइन इटलीच्या पिएर लुइजी नेर्वी यांचं, आत बसून वर बघा, काँक्रीटच्या घुमटाची नक्षी खरंच सुंदर आहे. पार्किंग खालीच.

तिकीट टीमच्या साइटवरूनच घ्या, आम्ही एका रीसेल साइटवरून घेतली आणि शेवटच्या स्क्रीनला फी बघून डोकं फिरलं. पहिल्यांदा जात असाल तर काचेजवळ नको, थोडं वर बसा, पूर्ण रिंक दिसते आणि गेम पटकन कळतो. जॅकेट मस्ट. सीझन ऑक्टोबर ते एप्रिल.